मिनॅकच्या कड्यावरचं नाटक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, पोर्थकर्नो नावाच्या छोट्या गावाच्या वर एका कड्यावर मिनॅक हे उघड्यावरचं नाट्यगृह आहे. ते एका घराच्या बागेतून उभं राहिलं. रंगमंचाच्या मागे थेट अटलांटिक समुद्र, वर आभाळ आणि उन्हाळाभर रोज नाटक. ब्रिटनमधली आपली मराठी मंडळी सुट्टीत कॉर्नवॉलला हमखास जातात, भारतातून आलेल्या पाहुण्यांनाही नेतात. पण बहुतेक जण दिवसा मिनॅकच्या पायऱ्यांवर फोटो काढून निघतात आणि संध्याकाळच्या प्रयोगाचा विचारही करत नाहीत. नाटकवेड्या लोकांनी असं करावं याचं मला वाईट वाटतं. ही जागा नाटकासाठी घडवलेली आहे आणि प्रयोग चालू असतानाच ती खरी कळते. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हे रोमन काळातलं नाट्यगृह आहे का?

नाही. पुष्कळांना तसं वाटतं, कारण दगडी पायऱ्यांच्या अर्धवर्तुळाकार ओळी, खांब आणि मागचा समुद्र बघून कुणालाही ग्रीस किंवा रोम आठवेल. पण इथलं पहिलं नाटक झालं १९३२ साली. सगळं बांधकाम विसाव्या शतकातलं आहे आणि त्यातलं बरंचसं काम एका बाईने दोन मदतनिसांना हाताशी धरून केलं. जुनं आहे ते फक्त कड्याचं ग्रॅनाइट.

ही बाई कोण?

रोवेना केड. जन्म १८९३ चा, डर्बीशायरमधल्या स्पॉन्डन गावचा. घर खातंपितं होतं. पहिल्या महायुद्धात आघाडीवर पाठवायचे घोडे निवडणं आणि त्यांना वळण लावणं हे काम तिने केलं. युद्धानंतर ती विधवा आईबरोबर कॉर्नवॉलला आली. मिनॅकचं टोक तिने शंभर पौंडांना विकत घेतलं आणि जवळच्या सेंट लेव्हनच्या खाणीतला ग्रॅनाइट आणून तिथे घर बांधलं. तेच मिनॅक हाउस.

ती नाटकाकडे वळली ती कपड्यांच्या वाटेने. १९२९ मध्ये आसपासच्या हौशी मंडळींनी क्रीन इथल्या कुरणात शेक्सपियरचं ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ उघड्यावर केलं. त्याच्या वेशभूषेत रोवेनाचा हात होता. पुढचं नाटक ठरलं ‘द टेम्पेस्ट’. वादळ, फुटलेलं जहाज, बेट अशी सगळी कथा समुद्राची. मग कुरणात कशाला, आमच्या बागेखालचा कडा आहे की, असं तिने सुचवलं. कड्यावर सपाट जागा मात्र नव्हती. १९३१-३२ च्या हिवाळ्यात ती आणि तिचा माळी बिली रॉलिंग्ज कामाला लागले. बिलीचा जोडीदार चार्ल्स टॉमस अँगोव्ह हाही या बांधकामात होता. दगड हाताने फोडायचे, हाताने सरकवायचे, मधल्या फटी मातीने भरायच्या, आणि हे सगळं खाली समुद्र उसळत असताना, सरळ तुटलेल्या कड्याच्या काठावर. सहा महिन्यांत रंगमंचापुरता चौथरा आणि बसायच्या काही ओळी तयार झाल्या.

खरं म्हणजे तिथे थांबता आलं असतं. एका नाटकाची गरज भागली होती. पण बाई दर हिवाळ्यात बांधत राहिली आणि दर उन्हाळ्यात नाटकं होत राहिली. ग्रॅनाइट घडवणं फार खर्चाचं आणि कष्टाचं, म्हणून पुढे तिने सिमेंटची स्वतःची रीत बसवली. खालच्या पोर्थकर्नोच्या पुळणीवरची वाळू पोत्यात भरून स्वतःच्या पाठीवर वर आणायची, सिमेंटमध्ये कालवायची, आणि ते ओलं असतानाच जुन्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्यावर नक्षी कोरायची. आज तिथे गेलात तर खांबांवरच्या आणि बैठकींवरच्या वेलबुट्ट्या, गाठींची नक्षी बोट फिरवून बघा. बैठकींच्या पाठीवर नाटकांची नावं आणि सालं कोरलेली आहेत. आपण ज्या नावाला पाठ टेकून बसतो ते नाटक त्या साली समोरच्या चौथऱ्यावर झालेलं असतं. नाट्यगृहाने आपला इतिहास अंगावर कोरून ठेवावा, ही कल्पना मला फार आवडते.

एक गोष्ट तिथे सगळेच सांगतात. एक स्पॅनिश मालवाहू जहाज किनाऱ्यावर फुटलं आणि त्यातले पंधरा-पंधरा फुटी लाकडी वासे वाहून आले. रोवेनाने ते एकटीने वर चढवून नेले. फुटक्या जहाजाचा माल परस्पर उचलणं हा गुन्हा. चौकशीला माणसं आली. तिने सरळ सांगितलं की आज सकाळी मी थोडं लाकूड वर आणलंय, हवं तर बघून घ्या. समोरची किडकिडीत बाई बघून त्यांची खात्री पटली की हिच्या हातून असले वासे हलणं शक्य नाही, आणि ते निघून गेले. त्या वाशांचा रंगपट झाला.

ऐंशी पार केल्यावरही ती बांधकामावर राबत होती. १९७६ मध्ये तिने नाट्यगृह एका धर्मादाय न्यासाच्या हवाली केलं. २६ मार्च १९८३ रोजी ती गेली, नव्वदीला काही महिने उरले होते. तिच्या कागदपत्रांत पावसाळी दिवसांसाठी नाट्यगृहावर छप्पर कसं घालता येईल याची रेखाटनं निघाली. तेवढं काम मात्र कुणी हाती घेतलेलं नाही.

पहिल्या प्रयोगाला दिवे कुठून आणले?

बॅटऱ्या लावल्या, मोटारींचे पुढचे दिवे रंगमंचावर सोडले, आणि मिनॅक हाउसमधून तार ओढून जी काही मिणमिणती वीज खाली आणता आली ती वापरली. ऑगस्ट १९३२ ची ही गोष्ट. त्या प्रयोगाची दखल लंडनच्या ‘द टाइम्स’ने घेतली. आता अर्थातच पूर्ण प्रकाशयोजना आणि ध्वनियंत्रणा आहे.

मग युद्धात काय झालं?

दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्याला काटेरी तारांचं कुंपण पडलं, नाट्यगृहाच्या जागेत बंदूकधारी शिपायांसाठी काँक्रीटची चौकी उभी राहिली आणि नाटकं बंद पडली. १९४४ च्या ‘लव्ह स्टोरी’ या चित्रपटासाठी ही जागा निवडली होती, पण हवेने साथ दिली नाही आणि चित्रीकरण स्टुडिओत हलवावं लागलं. युद्ध संपल्यावर रोवेनाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ती चौकी पाडली नाही, तिचं तिकीटघर केलं.

हंगाम कधी असतो आणि प्लॅन कधी उघडतो?

मुख्य हंगाम वसंतापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. त्यात शेक्सपियर असतो, संगीत नाटकं, ऑपेरा, विनोदी नाटकं, मुलांसाठीचे प्रयोगही असतात. नाट्यसंस्था ब्रिटनभरातून दौऱ्यावर येतात. नाटक बहुधा एक आठवडा टिकतं आणि पुढच्या आठवड्यात दुसरी मंडळी येतात, त्यामुळे तुमच्या सुट्टीच्या तारखांना काय आहे ते आधी पाहून ठेवा.

कार्यक्रम साधारणपणे हिवाळ्यातच जाहीर होतो. जुलै-ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या शाळांना सुट्टी असते आणि अख्खा देश कॉर्नवॉलला लोटतो. बैठकी सुमारे ७५०. ऐन गर्दीच्या आठवड्यात तिकीट मिळणं कठीण, तेव्हा राहायची सोय आणि नाटकाचं तिकीट एकाच दिवशी काढा. जून आणि सप्टेंबर ही माझी आवड. गर्दी कमी असते आणि उजेडाचा खेळ जास्त चांगला दिसतो.

उजेडाचा खेळ म्हणजे?

जूनच्या अखेरीस कॉर्नवॉलमध्ये सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. संध्याकाळचा प्रयोग लख्ख उजेडात सुरू होतो. पहिल्या अंकात दिव्यांचा उपयोग जवळजवळ नाहीच. नटाच्या चेहऱ्यावर खरं ऊन असतं, मागे निळा-हिरवा समुद्र, डावीकडे लोगन रॉकचं टोक, मधूनच एखादी मासेमारीची बोट. समुद्रात सील दिसतात, कधी डॉल्फिनही. अशा वेळी प्रेक्षकाचं लक्ष नटाकडे राहणं सोपं नाही आणि कच्च्या नटाची इथे अगदी वाट लागते.

मध्यंतरानंतर हळूहळू समुद्र काळा पडत जातो. दिव्यांचा ताबा सुरू होतो. आता डोळ्यांना बघायला फक्त रंगमंच उरतो, आणि समुद्र कानावर असतो. जे नाटक उजेडाकडून अंधाराकडे जाणारं आहे ते इथे विलक्षण रंगतं. म्हणून निवड करायला मिळाली तर शोकांतिका किंवा वादळ-जादूटोण्याचं नाटक निवडा. पौर्णिमेच्या आसपासची तारीख मिळाली तर सोडू नका. उन्हाळ्यातला पूर्ण चंद्र आग्नेयेकडून, आकाशात अगदी खालून वर येतो, आणि ती दिशा समुद्राची आहे.

सप्टेंबरमध्ये अंधार लवकर पडतो. तेव्हा हे सगळं संक्रमण पहिल्याच अंकात होऊन जातं. तो अनुभव वेगळा, पण थंडी जास्त.

पाऊस आला तर?

तर भिजायचं. प्रयोग चालू राहतो. वादळ फार मोठं असेल, नटांना धोका असेल, तरच रद्द होतो. साध्या पावसासाठी कुणी थांबत नाही, प्रेक्षकही उठत नाहीत. पैसे परत कधी मिळतात किंवा दुसऱ्या प्रयोगाचं तिकीट कधी मिळतं ते तिकीट काढताना अटींमध्ये वाचून घ्या.

छत्री उघडायला परवानगी नाही. मागच्या ओळीतल्याला काहीच दिसत नाही म्हणून हा नियम आहे आणि तो कडक पाळला जातो. शिवाय त्या वाऱ्यात छत्री टिकतही नाही. आपल्याकडे छत्री म्हणजे पावसाची पहिली आठवण, त्यामुळे मंडळी रेनकोट घरी विसरतात आणि मग अडकतात. टोपी असलेला, गुडघ्यापर्यंत येणारा रेनकोट न्या. जमलं तर पावसाळी विजारही, कारण भिजलेल्या मांड्यांनी दोन तास दगडावर बसणं फार त्रासाचं होतं.

ऑगस्टमध्ये जातोय, स्वेटर लागेल का?

लागेल. दुपारी बाहीविना फिरलात तरी रात्री नऊनंतर समुद्रावरचा वारा अंगात शिरतो. थर्मल, जाड स्वेटर, वर वाराविरोधी जॅकेट, कानटोपी आणि पायावर घ्यायला शाल किंवा चादर. साडी नेसायची असेल तर जरूर नेसा, पण पायांत बूट असू द्या. उतरत्या दगडी पायऱ्या ओल्या असतात आणि सपातांचा काही उपयोग नाही.

कुठल्या ओळीत बसावं?

खालच्या ओळींत नट अगदी हाताच्या अंतरावर येतात आणि चेहरा वाचता येतो. वरच्या ओळींतून रंगमंच आणि समुद्र एका चौकटीत दिसतात. पहिल्यांदा जात असाल तर मधल्या उंचीवर, शक्यतो मध्यभागी. फार कडेला बसल्यास काही प्रवेश तिरके दिसतात.

बैठकी म्हणजे खुर्च्या नाहीत. काही ठिकाणी सिमेंटची पाठ आहे, काही ओळी नुसत्या गवताच्या पायऱ्या. घरून जाडजूड उशी न्या किंवा तिथे भाड्याने घ्या. पाठीचा त्रास असेल तर आरक्षण करतानाच पाठ असलेली जागा मागून घ्या. हा खर्च वाचवू नका.

आई-बाबा भारतातून आलेत, गुडघे दुखतात. त्यांना नेता येईल का?

विचार करून ठरवा. उतार खरोखरच तीव्र आहे. वरच्या दारातून आत आल्यावर बैठकींकडे जाताना खालीच उतरत जावं लागतं, पायऱ्या उंच-सखल आहेत आणि परतताना तेवढंच चढायचं असतं, तेही अंधारात, गर्दीबरोबर. ज्यांना पायऱ्या चढणं अवघड आहे त्यांच्यासाठी वरच्या बाजूला थोड्या जागा राखीव ठेवलेल्या असतात, चाकाच्या खुर्चीसाठीही. त्या मोजक्याच असल्याने आधी नाट्यगृहाशी बोलून ठरवा, ऐन वेळी मागू नका. बोलताना नेमकं सांगा: काठी लागते का, सलग किती पायऱ्या जमतात, किती वेळ बसवतं.

पोर्थकर्नोच्या पुळणीवरून कड्याला बिलगून वर येणारी एक पायवाट आहे. तरुणांसाठी फार सुंदर, पण ज्येष्ठांना त्या वाटेने मुळीच नेऊ नका. गाडीतळावरून वरच्या दाराने आत या.

शेक्सपियरचं इंग्रजी कळत नाही. मग जाऊन काय करू?

हा प्रश्न लोक लाजत विचारतात. लाजायचं कारण नाही. चारशे वर्षांपूर्वीचं काव्य पहिल्या ऐकण्यात पूर्ण कळत नाही, अगदी इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांनाही. उपाय सोपा आहे: कथा आधी वाचून जा. आपल्याकडे त्यासाठी उत्तम सोय आहे. मॅक्बेथ बघायला जाणार असाल तर शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ वाचा, ऑथेल्लोही त्यांनी मराठीत आणलंय. लिअरसाठी विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ आहे. मराठीत एकदा नाटक डोक्यात बसलं की समोर नट काय करतोय ते शब्द अर्धेच कळले तरी पोचतं. उलट वाक्यावाक्याचा अर्थ लावण्याची धडपड सुटते आणि तुम्ही नटाकडे बघायला लागता.

ते नको असेल तर संगीत नाटक निवडा. गिल्बर्ट आणि सलिव्हनचं ‘द पायरट्स ऑफ पेन्झन्स’ इथे वेळोवेळी होतं. पेन्झन्स हे इथलं जवळचं शहर, त्यामुळे समुद्री चाच्यांचा हा धमाल खेळ त्यांच्या स्वतःच्या किनाऱ्यावर बघायला मिळतो.

वाऱ्यात संवाद ऐकू येतात का?

संगीत नाटकांना ध्वनिक्षेपक असतात, तिथे अडचण नाही. गद्य नाटकात वारा आडवा आला तर काही वाक्यं निसटतात. ज्या नटाला आवाज फेकायची तालीम आहे तो इथे लगेच ओळखू येतो. संवाद महत्त्वाचे असतील तर खालच्या ओळींतलं तिकीट घ्या.

खायला काय न्यावं?

मध्यंतरात डबा उघडणं ही इथली रीतच आहे. लोक प्रयोगाच्या बऱ्याच आधी येतात, बसून खातात, थर्मासमधला चहा पितात. तुम्हीही न्या. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, लसूण चटणी, सुकी बटाट्याची भाजी पोळीत गुंडाळून, असं हातात धरून खाता येणारं काहीही. ताटवाटीचा घाट घालू नका, मांडी सोडून ठेवायला जागा नाही.

समुद्रपक्ष्यांपासून मात्र सांभाळा. कॉर्नवॉलचे सीगल चोरीत पटाईत आहेत. मागून येतात आणि हातातला घास पळवतात. डबा झाकून ठेवा आणि घास तोंडाजवळच धरा.

इथला पेस्टी हा पदार्थ जगप्रसिद्ध आहे, मैद्याच्या जाड पारीत भाजी-मांस भरून भट्टीत भाजलेला. मूळ कॉर्निश पेस्टीत गोमांस असतं, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा सलगमासारखा कंद असतो. २०११ पासून कॉर्निश पेस्टी या नावाला युरोपात भौगोलिक संरक्षण आहे, त्यामुळे ते नाव लावलेल्या पेस्टीत गोमांस असणारच. जे खात नाहीत त्यांनी चीज-कांद्याची मागावी, ती बहुतेक दुकानांत मिळते. दिवसा वेळ असेल तर स्कोन, जॅम आणि क्लॉटेड क्रीम घ्या. हे क्रीम म्हणजे मंद आचेवर आटवलेल्या दुधावरची जाड साय, अगदी घरच्यासारखी. कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम लावतात आणि वर क्रीम.

लहान मुलं बसतील का?

दिवसाचे गोष्टींचे प्रयोग आणि मुलांची नाटकं असतात, ती त्यांच्यासाठीच आहेत. रात्रीच्या तीन तासांच्या शोकांतिकेला पाच वर्षांच्या पोराला नेऊ नका. कड्याला कठडे आहेत, तरी मुलाचा हात सुटता कामा नये.

प्रयोगाचे फोटो, व्हिडिओ?

प्रयोग सुरू व्हायच्या आधी आणि मध्यंतरात हवे तेवढे. प्रयोग चालू असताना मोबाइल बंद. अंधारात एका पडद्याचा उजेड वरच्या दहा ओळींना टोचतो.

तिकीट मिळालं नाही. दिवसा नुसतं बघता येईल का?

येईल. दिवसाच्या भेटीचं वेगळं तिकीट असतं, बहुधा ठरावीक वेळेचं. दुपारचा प्रयोग असेल तर त्या वेळेत दिवसाच्या पाहुण्यांना आत सोडत नाहीत, म्हणून वेळापत्रक बघून जा. रोवेना केडच्या आयुष्यावरचं छोटं प्रदर्शन आहे, ते चुकवू नका. कड्यावरची बागही बघण्यासारखी: गल्फ स्ट्रीम या अटलांटिकमधल्या उबदार सागरी प्रवाहामुळे इथे घायपातीसारखी मांसल पानांची झाडं उघड्यावर वाढतात, जी इंग्लंडच्या बाकीच्या भागात हिवाळ्यात टिकणार नाहीत.

पोर्थकर्नोचा मुंबईशी संबंध आहे म्हणतात, ते खरं का?

अगदी खरं. नाट्यगृहातून खाली दिसते त्याच पुळणीवर १८७० साली समुद्राखालची तार किनाऱ्याला लागली आणि लंडन-मुंबई तारयंत्राची साखळी पूर्ण झाली. इंग्लंडहून जिब्राल्टर, माल्टा, अलेक्झांड्रिया, तिथून जमिनीवरून सुएझ, मग तांबड्या समुद्रातून एडन आणि एडनहून मुंबई. मुंबई-एडन हा टप्पा ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजाने टाकला. फेब्रुवारी १८७० मध्ये ते मुंबईहून तार सोडत निघालं.

खरं तर तार फाल्मथ या मोठ्या बंदरात आणायची होती. कंपनीचं नावसुद्धा फाल्मथ, जिब्राल्टर आणि माल्टा टेलिग्राफ कंपनी. पण गजबजलेल्या बंदरात जहाजांचे नांगर तारेत अडकून ती तुटेल या भीतीने हे निवांत, वाळूचं पोर्थकर्नो निवडलं गेलं. २३ जून १८७० रोजी या उद्योगामागचे जॉन पेंडर यांनी लंडनच्या आपल्या घरी मेजवानी दिली आणि तिथून युवराजांनी हिंदुस्थानात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्याशी तारेने संदेशांची देवाणघेवाण केली. त्याआधी खुष्कीच्या तारांनी जाणारा संदेश ठिकठिकाणी उतरवला जाई, बिघडे, कधी पोचायला दिवस लागत. आता काम मिनिटांवर आलं. मुंबईच्या कापूस बाजाराला लिव्हरपूलचे भाव त्याच दिवशी कळू लागले, याचा त्या शहराच्या व्यापारावर काय परिणाम झाला असेल हे सांगायला नको.

पुढे याच गावात समुद्री तारांचं जगातलं सर्वांत मोठं ठाणं उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बपासून वाचवायला कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणकामगारांनी टेकडीत बोगदे खणले. आज त्या बोगद्यांत तारायंत्रांचं संग्रहालय आहे आणि जुनी यंत्रं चालवून दाखवतात. पुळणीजवळ तारा जिथे जमिनीवर येत ती छोटी खोलीही आहे. मुंबईच्या माणसाने नाटकाच्या दिवशी दुपार इथे घालवावी. संग्रहालय, मग पुळण, मग संध्याकाळी वर प्रयोग: एवढ्यात दिवस भरतो.

कसं जायचं आणि परत कसं यायचं?

लंडनच्या पॅडिंग्टनहून पेन्झन्सपर्यंत थेट गाडी आहे, पाच तासांच्या वर लागतात. शनिवार सोडून इतर रात्री ‘नाइट रिव्हिएरा’ ही झोपायच्या डब्यांची गाडीही धावते. पेन्झन्स हे शेवटचं स्टेशन, तिथून पोर्थकर्नोला बस आहे.

खरी अडचण परतीची. नाटक संपतं रात्री उशिरा आणि तेव्हा बस मिळेलच असं धरून चालू नका. वेळापत्रक हंगामागणिक बदलतं. टॅक्सी आधीच ठरवून ठेवा, कड्यावर उभं राहून ऐन वेळी मिळत नाही. स्वतःची गाडी असेल तर दिवसा एकदा रस्ता बघून घ्या. शेवटचे काही मैल दोन्हीकडे दगडी बांध असलेले चिंचोळे रस्ते आहेत, समोरून गाडी आली की कुणाला तरी मागे घ्यावी लागते, आणि प्रयोग सुटल्यावर सगळ्या गाड्या एकदम निघतात. घाई करू नका. मुक्काम पोर्थकर्नो, सेंट बुरियन किंवा पेन्झन्सला करा. त्याच रात्री लंडन गाठायचा बेत डोक्यातून काढून टाका.

कॉर्नवॉल फार लांब पडतं. जवळपास असं काही आहे का?

आहे, आणि भरपूर आहे. लंडनमध्येच रीजंट्स पार्कमधलं ओपन एअर थिएटर आहे. गंमत म्हणजे तेही १९३२ सालीच सुरू झालं. तिथे बैठकी बाराशेच्या वर आहेत, व्यावसायिक निर्मिती असते आणि परतीला ट्यूब, म्हणजे लंडनची भुयारी रेल्वे, मिळते.

त्याहून मला जास्त भावतात ती जुन्या वाड्यांच्या हिरवळीवरची नाटकं. ही परंपरा तशी जुनी. १८८४ च्या उन्हाळ्यात लंडनलगतच्या किंग्स्टनजवळच्या कूम इथे लेडी आर्चिबाल्ड कॅम्बेल आणि नेपथ्यकार ई. डब्ल्यू. गॉडविन यांनी झाडीत ‘अ‍ॅज यू लाइक इट’चा प्रयोग केला, बाईंनी स्वतः नायकाची, ऑर्लंडोची भूमिका केली. अरण्यात घडणारं नाटक खऱ्या झाडांखाली. पुढे दोन महायुद्धं आणि वारसाकर यांनी जमीनदारांची घरं मोडकळीला आली. नॅशनल ट्रस्ट ही ऐतिहासिक वास्तू आणि निसर्गस्थळं जपणारी संस्था १८९५ ची, पण १९३७ च्या कायद्याने अशी घरं मालकांकडून ट्रस्टकडे सोपवण्याची वाट मोकळी झाली, आणि ज्या बागांत एकेकाळी आमंत्रण असल्याशिवाय पाऊल टाकता येत नसे त्या तिकीट काढून सर्वांना खुल्या झाल्या. आता जून ते सप्टेंबर त्याच हिरवळींवर छोट्या नाट्यसंस्था दौरा करतात. चार-पाच नट, एक गाडी, दुपारी येऊन सगळे मिळून रंगमंच जोडतात, रात्री उतरवून पुढच्या गावाला निघतात. दौऱ्याच्या गाडीवर वाढलेल्या मराठी नाटकवाल्याला ही धावपळ लगेच ओळखू येईल. कॉर्नवॉलचीच ‘इलिरिया’ ही मंडळी अशीच मोजक्या नटांत सगळं नाटक उभं करतात, एकेक नट चार-चार भूमिका बदलतो. ‘द लॉर्ड चेंबरलेन्स मेन’ सर्व भूमिका पुरुषांकडून करवतात, शेक्सपियरच्या काळी होत असे तसं. बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकत मोठे झालेल्यांनी हा प्रयोग मुद्दाम बघावा.

अशा प्रयोगांना बैठकींचे क्रमांक नसतात. घडीच्या कमी उंचीच्या खुर्च्या किंवा सतरंजी आपली आपण न्यायची. उंच खुर्च्यांवाल्यांना मागे बसवतात, म्हणून पुढे बसायचं असेल तर सतरंजीच बरी. दार उघडताच आत जा, जागा धरा, डबा उघडा. तिकिटं नाट्यगृहापेक्षा बरीच स्वस्त पडतात आणि मुलांना धावायला हिरवळ असते. आपल्या गावाजवळच्या नॅशनल ट्रस्टच्या घराचं नाव शोधा आणि उन्हाळ्यातले कार्यक्रम मे महिन्यातच बघून ठेवा.